चार वाजून चाळीस मिनिटं

१

वही गेली होती. टेबलावर यंत्र होतं, कानाला लावायचे हेडफोन होते, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल होती आणि पेन्सिलीच्या शेजारी, जिथे वही असायची, तिथे धूळ नसलेला एक चौकोन होता. त्या चौकोनाकडे बघून मला शिसारी आली. चोराची नंतर, आधी माझीच.

मी सोनटक्के, सरकारी वायरलेस खात्यातला निरीक्षक, मुक्काम नागपूर. सप्टेंबर पासष्टच्या शेवटच्या आठवड्यात मला दिग्रसपासून चार कोसांवरच्या बोरगव्हाणला धाडलं. लढाई थांबून दोनच दिवस झाले होते, पण गावोगावी हेर पकडायची हौस काही थांबली नव्हती. बोरगव्हाणने भीमराज मुनेश्वरला पकडून दिलं होतं.

भीमराज सैन्यात सिग्नलमध्ये दहा वर्षं काढून परतलेला. गावात रेडिओ दुरुस्त करायचा आणि सरकारी परवाना काढून घरच्या यंत्रावरून जगभरच्या आपल्यासारख्याच वेड्यांशी बोलायचा. अशांना हौशी रेडिओवाले म्हणतात. परवान्याची मुख्य अट एकच: यंत्र कधी लावलं, काय ऐकलं, काय पाठवलं, ते मिनिटासकट वहीत लिहायचं. ती वही सरकारला दाखवली की माणूस सुटतो. वही नसली तर त्याच्या शब्दाला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फौजदाराची जीप येणार होती. भारत संरक्षण कायद्याखाली भीमराज नागपूरच्या तुरुंगात जाणार होता, आणि त्या कायद्याने आत गेलेला माणूस कधी बाहेर येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

हवालदार उत्तमसिंग जवळच्या तांड्यावरचा, बुटका आणि सरळ माणूस. त्याने निनावी तक्रार माझ्या हातात दिली. अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं, मराठी मात्र शुद्ध.

'दिनांक ७, ९ व ११ सप्टेंबर रोजी पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी भीमराज मुनेश्वर हा आपल्या यंत्रावरून शत्रूच्या विमानास खुणा करीत होता. मी स्वतः पाहिले आहे.'

मी बॅगेतून आमच्या नागपूर केंद्राच्या नोंदींचा कागद काढला. हौशी लोकांना बोलायला नेमून दिलेल्या लहरींच्या पट्टीवर एक विचित्र आवाज आम्हीही टिपला होता. तारखा सात, नऊ आणि अकरा. वेळ चार चाळीस.

तक्रार मिनिटाला मिनिट खरी निघाली होती.

२

चौकीच्या कोठडीत भीमराज भिंतीला टेकून बसला होता. मला बघताच ताठ उभा राहिला, सैन्यातली सवय.

"कसला आवाज ऐकलास?" मी विचारलं.

"करवतीवानी, साहेब. सत्तर सेंटिमीटरच्या पट्टीवर. ते आमचीच पट्टी हाय ना जी, हौशी लोकायची. दर दहा सेकंदाले आवाज चढते, उतरते, परत चढते. सतरा-अठरा मिनिटं चालते. मंग विमान घुमत निंघून गेलं का बंद. मी काहीच पाठोलं नाई. नुसतं आयकलं अन् लिवलं."

"वेळ?"

"वहीत हाय जी सारं."

"चार चाळीस?"

"हो जी. चार चाळीस. तिन्ही बार."

बाजूला उभ्या उत्तमसिंगने खिशातून पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं: आरोपीने वेळ कबूल केली.

त्या क्षणी मला काहीच खटकलं नाही. आम्ही दोघेही एकाच धंद्यातले, आणि तीच तर गोची होती.

"मी तुमाले दोन पत्रं बी धाडलती," भीमराज म्हणाला. "ऑगस्टात. आमच्या पट्टीत कोणाचा तरी गोंगाट होऊन राह्यला म्हनून. उत्तर नाई आलं."

पत्रं आली होती. दोन्हींवर मीच लाल शाईने 'दप्तरी दाखल' असं लिहून ती कपाटात कोंबली होती. कारण तो आवाज कशाचा हे मला ठाऊक होतं. आपल्याच सैन्याचं एक विमान त्या दिवसांत चाचणीसाठी फिरत होतं. त्याच्या पोटात रडारची तबकडी गरगर फिरायची, दर दहा सेकंदांनी तिचं तोंड आपल्याकडे यायचं आणि हौशी लोकांची पट्टी करवतायची. वरून तोंडी हुकूम होता: हे विमान कुणी पाहिलं नाही, हा आवाज कुणी ऐकला नाही. मी उत्तमसिंगसमोर 'रडार' हा शब्द जरी उच्चारला असता तरी भीमराजच्या शेजारची कोठडी मला मिळाली असती. पत्रं दाखवावीत, तर ती ऑगस्टची. हुशार हेर आधीच पत्रं लिहून ठेवतो, असं म्हणायला फौजदाराला किती वेळ लागला असता?

खरं माहीत असून गप्प बसायचं आणि वर खऱ्याचा शोध घेतोय असं सोंग आणायचं. माझी मला किळस आली. पण एक वाट उरली होती. विमानाचं नाव न घेता तक्रार लिहिणारा शोधायचा आणि वही परत मिळवायची.

"वही शेवटची कधी पाहिलीस?"

"एकोणीस तारखेले. विसाले मले उचललं. एकोणीसले घरी चार मानसं आलती." आणि त्याने चार नावं सांगितली.

३

पहिले किसनराव. दोनशे एकर कापूस, आणि नाकात मिशीपेक्षा जास्त ताठा. त्यांनी मला बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवलं आणि मनातलं सगळं ओकून टाकलं.

"त्याचा तो रेडिओच्या तारेचा बांबू पाह्यला? मारुतीच्या कळसाहून वर गेला. दहा सालाखाली याच लोकायनं दीक्षा घेऊन देव पाण्यात सोडले, अन् आता आभायाशी बोलाले निंघाले. जाऊ द्या जेलात, बरं होईन."

"एकोणीसला तुम्ही त्याच्याकडे गेला होता."

"माहा रेडिओ घेऊन गडी गेलता अंदर. मी रस्त्यावर उभा होतो. त्याच्या घरात कायले जाईन मी?"

"वहीत काय लिहिलं होतं, कल्पना आहे?"

"इंग्रजी आपल्याले येत असती तं झंझट कायची होती? तार आली का बापूजी मास्तराच्या ओट्यावर जा लागे, आता लोक भीमराजकडे जातेत. मी नाई जात, मी आपला बापूजीकडेच."

उघड विष परवडलं. बाटलीवर निदान नाव तरी लिहिलेलं असतं.

दुसरा नागोराव, भीमराजचा चुलतभाऊ. तो परवान्याच्या परीक्षेची तयारी करत होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. वहीतल्या निम्म्या नोंदी भीमराजने त्याच्याच हातून लिहून घेतल्या होत्या. वही हरवली म्हणजे आपलीही मेहनत गेली, असं तो म्हणाला आणि लगेच शरमला.

तिसऱ्या विमलताई, शाळेच्या मुख्याध्यापिका. तोंडाने फटकळ, स्वतःला उगीच चांगलं म्हणवून न घेणाऱ्या.

"मी पुस्तक परत द्यायला गेले होते. गेल्या वर्षी चौथीची मुलंही नेली होती, लंडनमध्ये आत्ता किती वाजले ते दाखवायला. पालकांनी केवढा गोंधळ घातला, कुणाच्या घरात मुलं नेली म्हणून. मी सांगितलं, भूगोलाला जात नसते. पुन्हा मात्र नेली नाहीत. घाबरले मी. खोटं कशाला बोलू?"

"त्याचं वाईट कोण चिंतेल?"

"गाव म्हणजे काय कमी माणसं? बापूजी तेवढे रोज त्याच्याकडे जाऊन बसतात. तेही घरी परतल्यावर आधी विहिरीवर अंघोळ करतात आणि मगच ओसरीवर चढतात. माझी खिडकी समोरच आहे."

चौथे बापूजी. निवृत्त हेडमास्तर, गावच्या वाचनालयाचे संस्थापक, अंगावर घरी कातलेली खादी. ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. बापूजींनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"भीमराज म्हणजे आमच्या गावचा हिरा हो. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे इंग्रजी बातम्या ऐकायला जातो. माझा कुठलाही भेदभाव नाही. बसायला माझी घोंगडी मी बरोबर नेतो, एवढंच. वयोमानाने गार जमीन सोसत नाही."

"त्याची वही पाहिलीत कधी?"

"छे. दुसऱ्याच्या कागदाला हात लावणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मुलगा गुणी आहे, पण जरा विसरभोळा. खोलीत दोन घड्याळं, त्यातलं एक कायम भलतीच वेळ दाखवतं. मी दहादा म्हटलं, बाबा रे, रेडिओ दुरुस्त करतोस तर हेही कर. तो आपला नुसता हसतो."

ओट्यावरची मंडळीही हसली. मीही हसलो, पण वेगळ्या कारणाने, आणि नमस्कार करून उठलो. चार माणसं झाली होती आणि माझ्या पदरात एकही धागा पडला नव्हता.

४

भीमराजची आई कांताबाई. एका डोळ्याला हिरवी पट्टी. तिने मला यंत्राच्या त्याच खोलीत बसवलं आणि चहा आणला. मी कप उचलला तशी ती बघतच राहिली.

"घेता तुमी?"

"का नाही घेणार?"

"बापूजी नाई घेत. उपास असते म्हनते त्यायचा." ती पायरीवर टेकली. "रोजचाच उपास."

चहा गोड होता. मला मात्र कडवट लागला.

"साहेब, त्या कागदात काय लिवलं हाय, मले कोनीच सांगत नाई. काय तारखा हायेत?"

मी सांगितल्या. सात, नऊ, अकरा, पहाटे चार चाळीस. कांताबाईने चांगल्या डोळ्याने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अकराची पहाट? अकराच्या पहाटी तो माह्यापाशी यवतमायच्या दवाखान्यात व्हता जी. माह्या डोयाचं आपरेशन झालतं. रातभर बाकड्यावर बसून व्हता लेकरू. सकायी कागद भेटला, मंग येष्टीनं आलो. इथं उतरलो तवा नऊ वाजून गेलते. आल्या आल्या हे मशीन लावलं त्यानं, म्हून मी बोलली बी त्याले."

दवाखान्याचा कागद तिने पदराच्या गाठीतून काढला. तारीख अकरा, सोडल्याची वेळ सकाळी सहा.

माझं डोकं चालेना. भीमराज स्वतः म्हणाला होता, चार चाळीसला मी ऐकलं. माझ्या केंद्राची वहीही तेच म्हणत होती. आणि त्या वेळी हा माणूस इथून कित्येक मैल दूर, दवाखान्याच्या बाकड्यावर.

मी भिंतीकडे बघितलं. दोन घड्याळं. एकात अकरा वाजले होते, दुसऱ्यात साडेपाच.

"ते दुसरं बिघडलं हाय," कांताबाई ओशाळून म्हणाली. "लोक हासतेत."

ते बिघडलेलं नव्हतं. तसलंच घड्याळ नागपूरला माझ्या टेबलासमोर बारा वर्षं टांगलेलं आहे. जगभर वायरलेसवाले आपल्या गावची वेळ लिहीतच नाहीत, ग्रीनिचची लिहितात. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आमच्या हाडीमाशी ते इतकं भिनलंय की मी भीमराजला 'चार चाळीस?' विचारलं आणि तो 'हो जी' म्हणाला, तेव्हा दोघांच्याही मनात सकाळचे दहा वाजून दहाच होते. दोन शहाणे मिळून एकाच्या गळ्याला फास लावत होतो.

मी कप खाली ठेवला. तक्रार करणाऱ्याने पहाटे काहीही पाहिलं नव्हतं. त्याने फक्त वही वाचली होती.

५

जीप यायला अजून रात्र जायची होती, पण माझा धीर तेवढा नव्हता. उन्हं उतरायच्या आत मी उत्तमसिंगला घेऊन बापूजींच्या ओट्यावर गेलो. किसनराव तिथेच पान लावत होते. गर्दी जमायला वेळ लागला नाही.

मी आधी उत्तमसिंगला दवाखान्याचा कागद दाखवला. मग घड्याळांचं सांगितलं. विमानाचं नाव घेतलं नाही.

"खरं बघणारा दहा वाजून दहा म्हणाला असता," मी म्हणालो. "चार चाळीस हा आकडा गावात एकाच जागी होता, त्या वहीत. तक्रार लिहिणाऱ्याने तो तिथून उतरवला आणि आपल्या अकलेने आधी 'पहाटे' जोडलं. वही इंग्रजीत. म्हणजे लिहिणाऱ्याला इंग्रजी येतं. किसनराव, तुम्ही सुटलात."

"मले काय धाक होता?" किसनराव गुरगुरले, पण पानाचा हात थांबला.

"त्या दिवशी भीमराजच्या घरी आलेल्यांत इंग्रजी वाचणारी तीनच माणसं. नागोराव ती वही स्वतः लिहायचा, ग्रीनिचची वेळ त्याला पाठ. विमलताईंनी चौथीच्या मुलांना तेच घड्याळ दाखवून भूगोल शिकवला. ह्या दोघांनी 'पहाटे' कधीच लिहिलं नसतं. ते घड्याळ बिघडलंय असं समजणारा, इंग्रजी येणारा एकच माणूस उरतो."

बापूजींनी चष्मा काढून खादीच्या टोकाने पुसला.

"तर्क चांगला आहे," ते म्हणाले. "पण पुरावा लागतो. झडती घ्या माझ्या घराची. वाचनालयही उघडं आहे."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला उत्तर तिथेच मिळालं. वही घरात नव्हती. घरात ती असूच शकत नव्हती. ज्याला त्या घरची जमीन घोंगडीतूनसुद्धा सोसत नाही, जो तिथून आला की अंघोळ करून ओसरी चढतो, तो त्या हातची वही देवघराच्या आणि पुस्तकांच्या छपराखाली ठेवेल? आणि जाळणारही नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस अक्षराला आग लावत नाही, पाय लागला तरी नमस्कार करतो.

"उत्तमसिंग," मी म्हणालो, "घर राहू दे. मागे विहीर आहे. अंघोळीच्या दगडाजवळ एखादा कोनाडा, नाही तर गोठा असेल, तिथे बघ."

उत्तमसिंग पाच मिनिटांत आला. हातात गोणपाटाची गुंडाळी. गोठ्याच्या आढ्याला खोचलेली होती, शेणाच्या टोपलीच्या वर. आत भीमराजची वही. तिच्या कव्हरवर हळदकुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

वही विटाळाची म्हणून गोठ्यात, आणि विद्या म्हणून तिला हळदकुंकू. मी आयुष्यात मेलेली जनावरं पाहिली आहेत, सडलेला कापूस पाहिला आहे. असं काही कधी पाहिलं नव्हतं.

"का?" मी एवढंच विचारलं.

बापूजींचा आवाज आता ओट्यावरचा राहिला नव्हता. "चाळीस वर्षं. चाळीस वर्षं ह्या गावात इंग्रजी पत्र आलं तर माझ्या नावाने. तार आली की अख्खं गाव माझ्या पायरीशी. कुणाचा पोरगा मेला, कुणाचा पास झाला, आधी मला कळायचं. आता त्याला रशियातून, जपानातून कार्डं येतात. आणि परवा ती मैनाबाई, पोराची पलटणीतून तार आलेली, रडत रडत माझ्या ओट्यावरून पुढे गेली. पुढे. त्याच्या घरी." त्यांनी चष्मा परत लावला. "मी त्याला ए बी सी शिकवली आहे. वर्गाबाहेर बसवून का होईना, पण शिकवली."

गर्दीत मागे मैनाबाई उभी होती. हातातलं गवताचं ओझं तिने खाली ठेवलं.

"तुमी आधी हात धुवायले लावत व्हते, बापूजी," ती म्हणाली. "तार हातात घ्याच्या आधी, मले. तो नुसता वाचे."

६

भीमराज सुटला. फौजदाराने वहीतल्या नोंदी आणि दवाखान्याचा कागद पाहिला, तक्रार फाडली, आणि बापूजींना म्हणाला, "गुरुजी, ह्या वयात असं शोभत नाही." एवढीच शिक्षा. मी गाव सोडलं तेव्हा ओट्यावर चार माणसं बसली होती आणि बापूजी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. किसनराव पान लावत होते. थुंकायला मी एसटी सुटेपर्यंत थांबलो नाही.

वही मात्र भीमराजला मिळाली नाही. ती मी नागपूरला आणली, कारण तिच्यात त्या न दिसलेल्या विमानाच्या तारखा आणि वेळा होत्या. तिथे माझ्या वरिष्ठ साहेबांनी ती लाखेने सील केली. बापूजींनी ती गोठ्यात टाकली होती, आम्ही लोखंडी कपाटात टाकली. लाख तेवढी आमची स्वच्छ होती.

नोव्हेंबरात भीमराजचं तिसरं पत्र आलं. सुवाच्य इंग्रजी, एकही तक्रारीचा शब्द नाही. जुनी वही परत मिळावी ही विनंती. नवी वही सुरू केली आहे. आईचा डोळा आता बरा आहे. आमच्या पट्टीत तोच आवाज पुन्हा येतो आहे, दर दहा सेकंदांनी, करवतीसारखा. पहिली नोंद चार वाजून चाळीस मिनिटं. आणि कंसात, बारीक अक्षरात: वेळ ग्रीनिचची आहे, कृपया गैरसमज नसावा.

साहेबांनी त्यावर शेरा मारला: असा कोणताही आवाज अस्तित्वात नाही, असे कळवावे.

मी तसं पत्र टाइप केलं. 'आपण कळविलेला आवाज अस्तित्वात नाही.' खाली सही केली. माझीच, सोनटक्के. ज्याने करवत आपल्या कानांनी ऐकली होती त्याला मी सरकारी कागदावर सांगत होतो की तुझे कान खोटे आहेत. बापूजींनी निदान नाव लपवलं होतं.

लिफाफा बंद करण्याआधी मी पत्र परत बाहेर काढलं. तारखेपुढे रिकामी जागा होती. दुपारचे तीन वाजले होते. मी पेन उचललं आणि त्या जागेत लिहिलं: ०४४०, ग्रीनिच.

तो वाचेल. त्याला कळेल की ती करवत आम्हीही टिपली होती. माझी मर्दुमकी तेवढीच. मग मी उठून नळावर गेलो आणि हात धुतले, आणि ओले हात घेऊन तसाच उभा राहिलो, कारण मला विहिरीवरचा तो अंघोळीचा दगड आठवला.